सावलीवरून माप

रविवारची दुसरी मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारातील आंब्याखाली आम्हां निवृत्तांचा फड जमतो. एके काळी तेथे केळीच्या लोंगरांचा भाव, विहिरींना चढू लागलेले खारे पाणी आणि मुलांच्या आखातातील नोकऱ्या हे विषय असत. गेली काही वर्षे मात्र टक्केवारीखेरीज दुसरा विषय निघत नाही. ‘माझे नव्वद होते’, ‘माझे दोन ठिकाणी सत्तर, एका ठिकाणी ऐंशी’, असे सांगताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा अभिमानही असतो. आमचे आयुष्य शाळेत गुणपत्रिका लिहिण्यात गेल्यामुळे हे संभाषण आम्हांला ओळखीचे वाटे. फरक इतकाच, की येथे जितके गुण अधिक तितका उमेदवार परमेश्वराच्या अधिक निकट.

पुढे आमचाही निकाल लागला, आणि तो पन्नास ते साठ टक्के असा लागला.

वाचकहो, हा आकडा दिसतो तितका निरुपद्रवी नाही. नव्वद टक्के अरुंद झालेल्या हृदयरोहिणीविषयी, आणि तिच्यामुळे छातीत कळ येत असेल तर, काय करावे याबद्दल सहसा वाद होत नाही. वीस टक्क्यांना कोणी हात लावीत नाही. साधारण चाळीस ते सत्तर यांच्या दरम्यान जे असते त्याला डॉक्टर ‘मध्यम’ म्हणतात. मध्यम म्हणजे सौम्य, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात मध्यम म्हणजे या चित्रावरून सांगता येत नाही असे, हे कळावयास आम्हांला काही आठवडे लागले.

२०२३ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. वसई रोड स्थानकाचा पूल चढताना छातीवर कोणी तळहात दाबून धरावा तसे होऊ लागले. थांबले की जाई. पट्ट्यावर चालवून घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष ‘संशयास्पद’ असा आला. तेव्हा एका रुग्णालयात अँजिओग्राफी केली. मनगटातून नळी घालतात, भूल फक्त त्या जागेपुरती असते, त्यामुळे सारे ऐकू येते. आम्ही टेबलावरच होतो आणि बाहेर आमच्या मुलाला बोलावून सांगण्यात आले, की डाव्या बाजूची मुख्य रोहिणी जिथे दुभंगते तिथेच दोष आहे, दोन स्टेंट आजच्या आज घालावे लागतील, नळी आत आहे तोवर निर्णय द्या. मुलाने पाच मिनिटे मागितली. ती पाच मिनिटे त्याने कशी काढली हे त्याने आम्हांला अद्याप सांगितलेले नाही. मग त्याने आत येऊन आमच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “बाबा, आज नको. आज आपण घरी जाऊ.” त्याच्याकडून एका कागदावर सही घेण्यात आली, आणि त्या कागदातील भाषा अशी होती की पुढे जे काही होईल त्याचा तो जणू कर्ताच.

जून हा येशूच्या पवित्र हृदयाचा महिना. आमच्या ओसरीवर त्या हृदयाची तसबीर आमच्या वडिलांनी लावलेली, तिच्यापुढचा तांबडा दिवा आजही रात्रभर असतो. त्या पंधरवड्यात झोप येत नसे तेव्हा आम्ही तिच्यासमोर बसत असू. लहानपणापासून पाहिलेल्या त्या चित्रात एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. तेथे हृदय छातीच्या बाहेर, कोणीही पाहावे असे ठेवलेले आहे. आमचे मात्र आत होते आणि त्याच्याविषयी दोन माणसांचे एकमत होत नव्हते. पत्नींचे म्हणणे, डॉक्टर सांगतात तर घालून टाकावे, विषाची परीक्षा कशाला? मुलाचे म्हणणे, दुसरे मत घेतल्याशिवाय नाही. दुबईहून मुलगी रोज दूरध्वनीवर रडे. आमचे स्वतःचे मत काय, हे कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर आमच्यापाशी ते नव्हते.

दुसरे मत ज्यांच्याकडे घेतले ते डॉक्टर वयाने आमच्या विद्यार्थ्यांएवढे. त्यांनी पहिल्या चित्रफितीची तबकडी तीन वेळा फिरवून पाहिली आणि म्हणाले, “सर, ही सावली आहे.”

मग त्यांनी टेबलावरचा पेनाचा चपटा डबा उचलून दिव्यासमोर धरला. समोरून धरला तर भिंतीवर रुंद सावली, कडेने धरला तर पट्टीएवढी. अँजिओग्राफीत रोहिणीमध्ये रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांनी त्याची छाया टिपतात. रक्त जिथून वाहते त्या पोकळीचा आकार तेवढा दिसतो, नळीची भिंत दिसतच नाही. पोकळी गोल असेल तर सावली खरे बोलते. ती लंबगोल किंवा वेडीवाकडी असेल, तर कोणत्या बाजूने पाहिले यावर टक्के ठरतात. त्यातही टक्के कशाचे? शेजारच्या ‘निरोगी’ भागाच्या तुलनेत व्यास किती कमी, त्याचे. शेजारचा भागही आजारी असेल तर तुलनाच लटकी. शिवाय हे माप बहुधा नजरेच्या अंदाजाने सांगितले जाते, आणि तेच चित्र पाहून एक डॉक्टर पन्नास म्हणतो, दुसरा सत्तर. एवढे ऐकल्यावर आमच्या आंब्याखालच्या टक्केवारीविषयीचा आमचा आदर बराच ओसरला.

या सावलीचा जन्मही, असे म्हणावे लागेल, चुकून झाला. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातील शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत तो क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला. १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य अनवधानाने थेट हृदयरोहिणीत गेले. रोगी दगावणार अशी त्यांना भीती वाटली. तो दगावला नाही, आणि हृदयाच्या रोहिण्या जिवंतपणी प्रथम स्पष्ट दिसल्या. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने अशी रोहिणी रुंद केली. म्हणजे पाहण्यापासून हात लावण्यापर्यंत एकोणीस वर्षे. आता हे अंतर पाच मिनिटांवर आले आहे, निदान आमच्या मुलाला तेवढीच मिळाली.

डॉक्टरांचा सल्ला असा, की स्टेंटचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी आतून पाहावे. ‘इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड’, म्हणजे रोहिणीच्या आत जाऊन केलेली सोनोग्राफी. सोनोग्राफी म्हटले की आम्हांला नातवाचे ते धुरकट चित्र आठवते. बाळ पाहण्याचे यंत्र आपल्या रक्तवाहिनीत शिरणार ही कल्पनाच चमत्कारिक वाटली. वास्तविक ध्वनीने हृदय पाहण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली एडलर हे डॉक्टर आणि हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी जे यंत्र प्रथम हृदयावर वापरले ते जहाजांच्या कारखान्यात धातूतील छुप्या भेगा शोधण्यासाठी असे. हॉलंडमध्ये निकोलास बोम यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिस्पंदक नळीच्या टोकावर बसविले, आणि १९८० च्या दशकात ही नळी हृदयरोहिणीत मावेल इतकी बारीक झाली.

इतकी म्हणजे किती, तर सुमारे एक मिलिमीटर. केसाहून थोडी जाड अशी तार आधी पुढे जाते आणि तिच्यावरून ही नळी सरकते. तिच्या टोकाशी असलेला स्पंदक सेकंदाला चार कोटींच्या घरात कंपने करतो; माणसाच्या कानाची धाव वीस हजारांवर संपते. पोटाच्या सोनोग्राफीतील ध्वनी याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या कंपनांचा, म्हणून तो खोल जातो पण बारकावे टिपीत नाही. येथे खोल जावयाचे नसते, भिंत तर जवळच उभी असते. दहा-पंधरा शतांश मिलिमीटरचा भेद दिसू शकतो. रोहिणी आकसून खोटे माप देऊ नये म्हणून आधी नायट्रोग्लिसरीन देतात. मग नळी पलीकडच्या टोकाला नेऊन यंत्राने संथपणे, सेकंदाला अर्धा मिलिमीटर या गतीने, मागे ओढतात. विहिरीचे पाणी वरून पाहणे वेगळे आणि दोराला धरून कोणी आत उतरून दगड न् दगड चाचपीत वर येणे वेगळे. आमच्याकडे विहीर उपसताना हे काम करणारी माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी ते झाले. आदल्या संध्याकाळी फादर घरी येऊन रुग्णाभ्यंग देऊन गेले. तो अखेरचा संस्कार नव्हे, आजाऱ्यांचा संस्कार आहे, हे आम्हांला ठाऊक आहे; शेजारणीला नव्हते, आणि ती डोळे पुसतच आली. टेबलावर या खेपेस पडदा आमच्या बाजूला थोडा वळवून ठेवलेला होता. त्यावर जे दिसले ते लाकडाच्या ओंडक्याच्या आडव्या छेदासारखे होते. मधोमध नळीचा काळा ठिपका, भोवती रक्ताची चंचल राखाडी जागा, मग भिंतीचे थर, त्यांत एक काळसर कडे आणि बाहेर पांढरे. एका ठिकाणी भिंतीत लखलखीत पांढरा तुकडा आणि त्याच्या मागे गडद छाया. “ते कॅल्शियम,” डॉक्टर म्हणाले. ध्वनी त्याला भेदून जाऊ शकत नाही. म्हणजे येथेही सावली होतीच. पण ही आपण कोठे आंधळी आहे ते स्वतःच सांगत होती.

प्रथम डावी मुख्य रोहिणी. जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची, पण हृदयाच्या डाव्या बाजूचा बहुतेक सारा पुरवठा तिच्यातून होतो. पहिल्या रुग्णालयाला भीती होती ती हिचीच, आणि तिथेच ध्वनीचा खरा उपयोग, कारण ती इतकी आखूड असते की सावलीत तुलनेला निरोगी भागच उरत नाही. सर्वांत अरुंद जागी पोकळी सहा चौरस मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर तिला हात न लावणे सुरक्षित, हे स्पेनमधील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले होते. आमची ९.२ भरली. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त शेजारच्या तंत्रज्ञ मुलीकडे पाहून मान हलविली. आम्ही मनातल्या मनात जपमाळेचे एक दशक म्हणत होतो. कितव्या मण्यावर होतो ते विसरलो.

मग तिच्यापासून निघून समोरून खाली उतरणारी शाखा. येथे पोकळी लंबगोल निघाली, एका दिशेने १.८ आणि दुसऱ्या दिशेने २.९ मिलिमीटर. अरुंद बाजूने पाहिले तर निम्मी, रुंद बाजूने पाहिले तर बऱ्यापैकी. पहिल्या चित्रफितीने तिची अरुंद बाजू पाहिली होती, एवढेच. क्षेत्रफळ ४.१ चौरस मिलिमीटर.

आता या ४.१ चे काय करावयाचे? अमेरिकेतील १९९९ च्या सुमाराच्या अभ्यासांतून मोठ्या शाखांसाठी चार हा उंबरठा रूढ झाला: चारपेक्षा अधिक तर सोडून द्या. आम्ही एका दशांशाने उत्तीर्ण! शाळेत चौतीस गुणांच्या मुलाला एक गुण वाढवून देताना आम्ही जे धर्मसंकट अनुभवले ते आता दुसऱ्या बाजूने अनुभवीत होतो. डॉक्टर हसले. म्हणाले, चार ही काही दगडावरची रेघ नव्हे. कोरियातील डॉक्टरांनी २०११ साली हाच प्रश्न रक्तदाबाच्या मापाशी ताडून पाहिला तेव्हा त्यांना उंबरठा २.४ वर आढळला. रोहिणी केवढी, तिच्यापुढे हृदयाचे किती स्नायू पोसायचे आहेत, यावर ते अवलंबून. क्षेत्रफळ म्हणजे दरवाजाची रुंदी; त्यातून जाणाऱ्यांना धक्काबुक्की होते की नाही हे रुंदीवरून पूर्ण कळत नाही. त्यासाठी तारेच्या टोकावर दाब मोजण्याची वेगळी पद्धत आहे आणि शाखांच्या बाबतीत पुष्कळांचा भरवसा तिच्यावरच अधिक. आमच्या बाबतीत मुख्य रोहिणी निर्धोक ठरली, त्रास फक्त चढण चढताना, तर आधी औषधे देऊन पाहू, कळ हटली नाही तर दाब मोजू, असा त्यांनी निर्णय केला. अशा स्थिर आजारात मुख्य रोहिणी मोकळी असेल तर आधी औषधांचा मार्ग धरल्याने मृत्यू वा झटके वाढत नाहीत, हे पाच हजारांहून अधिक रोग्यांच्या एका मोठ्या चाचणीत २०२० साली दिसून आले आहे, असेही त्यांनी सांगितले.

येथे एक गोष्ट नमूद केल्याशिवाय राहवत नाही. आतून पाहण्याने संयम येतो, असा आमचा समज झाला होता आणि तो आम्ही आंब्याखाली मोठ्या आवाजात मांडलाही. तो खरा नाही. कोरिया आणि चीनमध्ये मध्यम दोष असलेल्या १,६८२ रोग्यांची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचा निर्णय दाब मोजून, अर्ध्यांचा ध्वनीने पाहून. दोन वर्षांनी दोन्ही गटांची गत जवळपास सारखी: अनिष्ट घटना एकीकडे ८.१ टक्के, दुसरीकडे ८.५. पण दाबाच्या गटात सुमारे ४४ टक्के लोकांना स्टेंट पडले आणि ध्वनीच्या गटात ६५ टक्के लोकांना. डोळ्यांना दिसले की हात शिवशिवतो. टोपोल आणि निसेन या दोन अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी १९९५ सालीच आपल्या व्यवसायबंधूंच्या या खोडीवर बोट ठेवले होते. त्यांचा रोख सावलीच्या चित्रावर होता, पण खोड चित्र बदलल्याने जात नाही असे दिसते. संत थॉमसला जखमेत बोट घालून पाहावयाचे होते. पाहिल्यावर तो गुडघे टेकून थांबला. पाहून थांबता येणे हे यंत्रात नाही, ते त्या दिवशी आमच्यासमोर उभ्या असलेल्या तरुण माणसात होते. त्याच यंत्रासमोर दुसरा कोणी असता तर आमचे काय झाले असते, कोण जाणे.

इथवरचे सारे आम्ही घरी आनंदाने सांगितले. जे सांगितले नाही ते असे.

निघताना डॉक्टरांनी त्या ओंडक्याच्या छेदांपैकी एक पुन्हा दाखविला. “सर, ही जागा अँजिओग्राफीत गुळगुळीत दिसते. शून्य टक्के.” पोकळी गोल आणि रुंद होती खरी, पण तिच्याभोवती एका अंगाला भिंत चंद्रकोरीसारखी फुगलेली होती. शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ साली शवविच्छेदनातील १३६ हृदयांच्या डाव्या मुख्य रोहिण्या तपासून दाखविले, की भिंतीत मेद साचू लागला की रोहिणी बाहेरच्या बाजूला प्रसरण पावते आणि पोकळी राखते. साचलेल्या भागाने सुमारे चाळीस टक्के जागा व्यापली की मग तिचा इलाज चालत नाही आणि पोकळी आक्रसू लागते. तोवर सावलीला काही दिसत नाही. आमच्या अरुंद जागी भिंतीतील साठ्याने ६४ टक्के जागा घेतली होती. सत्तर ओलांडली की धोका वाढतो, असे सुमारे सातशे रोग्यांच्या २०११ सालच्या एका अभ्यासात आढळले. त्याच अभ्यासात असेही आढळले की पुढे ज्या जागांनी दगा दिला त्यांपैकी बऱ्याच आधीच्या छायाचित्रात किरकोळ दिसत होत्या.

म्हणजे आम्ही गेलो होतो निर्दोष सुटण्यासाठी. एका जागेविषयीच्या आरोपातून सुटलोही. आणि त्याच दिवशी कळले की खटला एका जागेचा नव्हताच. आजार साऱ्या भिंतीचा आहे, अनेक वर्षे मुकाट वाढलेला, आणि बिचारी रोहिणी स्वतः ताणली जाऊन तो आमच्यापासून लपवीत होती. त्यावर स्टेंट हे उत्तर नव्हते. रक्तातील मेद उतरविणारी रोजची गोळी, ॲस्पिरिन, रक्तदाब, मीठ, चालणे, ही कंटाळवाणी यादी हेच उत्तर होते. स्टेंट घातला असता तर ‘काम झाले’ असे समजून आम्ही नाताळात पूर्वीसारखेच डुकराचे मांस आणि वडे चेपले असते, ही आमची खात्री आहे. पत्नींचीही.

खर्चाचे एक वाक्य लिहितो, कारण आमच्या समाजात तो कोणी उघड बोलत नाही. स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली. औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. आमच्या बिलात त्या एका ध्वनीच्या नळीची रक्कम त्याहून अधिक होती, आणि ती एकदा वापरून टाकून द्यावयाची. विमा कंपनीने विचारले, स्टेंट घातला नाही तर एवढा खर्च कशासाठी? न घालण्यासाठी, असे मुलाने लिहून कळविले. निम्मी रक्कम मिळाली. ज्या घरातून निम्मीही निघू शकत नाही त्या घरातला माणूस सावलीवरूनच निर्णय घेतो, किंवा त्याच्या वतीने तो घेतला जातो. पहिल्या रुग्णालयावर आमचा राग होता, आजही थोडा आहे. पण तिथल्या डॉक्टरांची शंका मुख्य रोहिणीविषयी होती आणि ती खोटी ठरेपर्यंत खरी धरणे चूक नव्हते, हे आता मान्य करावे लागते. चूक होती ती त्या पाच मिनिटांची.

औषधांनी कळ हटली. वसई रोडचा पूल आम्ही आता मधे एकदा थांबून चढतो. थांबण्याची गरज नसते, सवय लागली आहे. ज्या रविवारी प्रथम पुन्हा आंब्याखाली गेलो त्या दिवशी सर्वांनी जागा करून दिली आणि अर्थातच विचारले, “सर, शेवटी किती निघाले?”

“चार पूर्णांक एक,” आम्ही म्हणालो.

“टक्के?”

“चौरस मिलिमीटर.”

थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग ज्यांचे नव्वद होते ते म्हणाले, “एवढेच?” आणि त्यांनी केळीच्या भावाचा विषय काढला.